संरोध व मार्गदर्शित तरंगांद्वारे संरचना-परीक्षण

संरोध-मापन व मार्गदर्शित श्राव्यातीत तरंग ही पूल, नळ, धरणांचे दरवाजे, विमानांचे पत्रे इत्यादी संरचनांमधील हानी डोळ्यांना दिसण्यापूर्वी शोधून काढण्याची दोन तंत्रे आहेत. तपासणीसाठी वस्तू कापावी वा फोडावी लागत नसल्याने त्यांचा समावेश अविनाशी परीक्षणात होतो. मडके विकत घेताना टिचकी मारून त्याचा नाद ऐकतात. नाद बद्द आला तर मडके तडकलेले समजतात. या तंत्रांमागील मूळ कल्पना हीच आहे.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर हे शहर प्रवरा व म्हाळुंगी नद्यांच्या संगमावर वसले आहे. शहराच्या वरच्या अंगास, अकोले तालुक्यात, प्रवरेवर भंडारदरा येथे १९२६ साली पूर्ण झालेले सुमारे ८२ मीटर उंचीचे दगडी धरण आहे. १९६९ साली या धरणाला तडे जाऊन गळती दिसू लागली. पुढे धरणाच्या मागील बाजूस आधारभिंती बांधून ते बळकट करण्यात आले. दोष गळतीच्या रूपाने उघड होईपर्यंत नदीकाठच्या वस्तीच्या हाती फारसा वेळ उरत नाही. म्हणून दोष त्याआधीच कळावा, हे संरचना-परीक्षणाचे उद्दिष्ट असते.

दाबविद्युत् पट्टी

दोन्ही तंत्रांत दाबविद्युत् पदार्थाची लहान, पातळ पट्टी संरचनेला चिकटवतात. दाब दिल्यास या पदार्थात विद्युत् भार निर्माण होतो आणि विद्युत् दाब दिल्यास तो किंचित आकुंचन वा प्रसरण पावतो. हा गुणधर्म झाक व पिअरे क्युरी या बंधूंच्या १८८० मधील संशोधनातून पुढे आला. पट्ट्यांसाठी बहुधा लेड झिर्कोनेट टायटॅनेट हा मृत्तिकासदृश पदार्थ वापरतात. एकच पट्टी कंप निर्माण करू शकते व ग्रहणही करू शकते.

संरोध पद्धत

पट्टीला साधारणपणे ३० ते ४०० किलोहर्ट्झ वारंवारतेचा प्रत्यावर्ती विद्युत् दाब देऊन तिचा विद्युत् संरोध, म्हणजेच इंपिडन्स, मोजतात. पट्टी संरचनेशी घट्ट जोडलेली असल्याने संरचनेचे वस्तुमान, ताठरता व अवमंदन यांचा ठसा या मापनात उमटतो. तडा गेला किंवा बोल्ट सैल झाला, तर आलेखातील शिखरे सरकतात अथवा त्यांची उंची बदलते. निर्दोष अवस्थेतील आलेखाशी तुलना करून या फरकाचा निर्देशांक काढतात. लिआंग, सन व रॉजर्स यांनी १९९४ साली या पद्धतीचे गणिती प्रतिमान मांडले. पद्धत अतिशय संवेदनशील असली, तरी तिची नजर पट्टीच्या आसपासच्या भागापुरतीच असते.

मार्गदर्शित तरंग पद्धत

पातळ पत्रा, नळ किंवा रूळ यांच्या पृष्ठभागांमध्ये कोंडला गेलेला तरंग त्या वस्तूच्या लांबीतून दूरवर जातो. पत्र्यातील अशा तरंगांचे गणित होरेस लँब यांनी १९१७ साली मांडले. त्यामुळे त्यांना लँब तरंग म्हणतात. वाटेत तडा वा गंज लागल्यास तरंगाचा काही भाग परावर्तित होतो. तरंगाचा वेग सेकंदाला ५,००० मीटर धरला आणि प्रतिध्वनी ०.८ मिलिसेकंदाने परत आला, तर जाऊन-येऊन अंतर ४ मीटर होते. म्हणजे दोष २ मीटरवर आहे. मात्र तरंगाचा वेग वारंवारतेनुसार बदलत असल्याने स्पंद वाटेत पसरतो. या अपस्करणामुळे संकेताचा अर्थ लावणे कठीण होते.

परस्परपूरकता व मर्यादा

संरोध पद्धत जवळचा सूक्ष्म बदल टिपते, तर मार्गदर्शित तरंग दूरच्या दोषाची जागा दाखवतात. त्यामुळे दोन्हींचा एकत्रित वापर उपयुक्त ठरतो. तापमानातील चढउतार किंवा चिकटद्रव्याची झीज यांमुळेही मापन बदलते. तो बदल वेगळा न काढल्यास खोटी सूचना मिळते. भंडारदऱ्यासारख्या जाड दगडी धरणाच्या गाभ्यासाठी मार्गदर्शित तरंग उपयोगी नाहीत; तेथे गळतीचे मोजमाप व धरणाच्या हालचालींच्या नोंदी आवश्यक असतात. धरणाचे पोलादी दरवाजे व नळ यांना मात्र हे तंत्र लागू पडते.

महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. पुराच्या वेळी पायाखालची माती खरवडली जाणे, हा धोका कमानीवर चिकटवलेल्या पट्टीला थेट कळत नाही. त्यामुळे ही तंत्रे प्रत्यक्ष पाहणीला पूरक आहेत, पर्याय नव्हेत.