लाँशाँचा अखेरचा फैसला

पॅरिसच्या पश्चिमेस, सेन नदीच्या वळणाशी पसरलेल्या बुलोन्यच्या वनात, फ्रान्सच्या नवव्या लुईची भगिनी इझाबेल हिने तेराव्या शतकात स्थापिलेला आणि पुढे राज्यक्रांतीच्या वावटळीत उद्ध्वस्त झालेला एक मठ होता. आता त्याच्या आठवणीदाखल एक जुनी पवनचक्की तेवढी उभी आहे. याच भूमीवर तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत, १८५७ च्या एप्रिलमध्ये, खुद्द सम्राट व सम्राज्ञी यांच्या उपस्थितीत लाँशाँचे घोडदौडीचे मैदान खुले झाले, आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येथे 'प्री द लार्क द त्रिओंफ' ही जी शर्यत होते, ती जिंकणे हा युरोपातील अश्वपालक आपल्या आयुष्याचा सर्वोच्च बहुमान समजतात.

तिच्या जन्माची वेळ ध्यानात घेतल्यावाचून तिचे नाव उमगत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात लाँशाँवरील शर्यती बंद पडल्या होत्या. युद्ध संपले, १४ जुलै १९१९ रोजी विजयी सैन्याची मिरवणूक पॅरिसच्या विजयकमानीखालून गेली, आणि पुढल्या वर्षी, ३ ऑक्टोबर १९२० रोजी, त्याच कमानीचे नाव धारण करून ही शर्यत प्रथम धावली. बक्षीस दीड लाख फ्रँकचे होते, आणि देशोदेशीच्या घोड्यांना आमंत्रण होते. विजयाच्या नावाने आरंभिलेली शर्यत यजमानांनीच जिंकावी, अशी अपेक्षा कोणीही केली असती. परंतु पहिला आला तो इंग्लंडात न्यूमार्केटला तयार झालेला 'कॉम्रेड'. हा घोडा लहानपणी अवघ्या २५ गिनींना विकत घेतलेला. मालक मात्र फ्रेंच, एव्हरमों द सेंत-आलारी नावाचे, आणि स्वार फ्रँक बुलक हा ऑस्ट्रेलियाचा. परक्या देशात घडलेल्या घोड्याचा हा विजय यजमानांनी मोकळ्या मनाने मान्य केला, आणि मला वाटते, या शर्यतीचा पाया त्याच दिवशी घातला गेला: येथे जो येईल त्याला दार उघडे, आणि जो जिंकेल त्याचा मान निर्विवाद.

आता तिची घटना पाहावी. इंग्लंडची डर्बी, किंवा पॅरिसचीच ग्राँ प्री, या शर्यती केवळ तीन वर्षांच्या घोड्यांच्या. त्यांत एकाच पिढीची आपसांतली तुलना होते. लाँशाँवर मात्र हंगामाच्या अखेरीस तीन वर्षांचे तरुण आणि त्यांहून थोरले, असे दोन्ही एका रांगेत उभे राहतात. वयाचा अन्याय होऊ नये म्हणून थोरल्यांवर ५९.५ किलो, तर तरुणांवर ५६.५ किलो वजन चढवितात, आणि माद्यांना आणखी दीड किलोची सूट मिळते. खच्ची केलेल्या घोड्याला मात्र बराच काळ प्रवेश नव्हता. हा दंडक कित्येकांना कठोर वाटे. परंतु लाँशाँ ज्या संस्थेने उभारले, ती १८३३ साली स्थापन झालेली मंडळी फ्रान्समधील अश्ववंशाच्या सुधारणेसाठीच एकत्र आली होती, आणि ज्याच्यापासून पुढे संतती व्हायची नाही त्याला वंशाच्या कसोटीत स्थान देणे त्यांना निरर्थक वाटले, यात तर्कदोष नाही. उन्हाळाभर निरनिराळ्या मैदानांवर निरनिराळे निकाल लागलेले असतात. अपिलाच्या शेवटच्या दरबारात जावे तसे ते सारे दावे येथे रुजू होतात.

हा दरबार बसतो तो २४०० मीटरांच्या उजव्या वळणाच्या मार्गावर. पवनचक्कीजवळून निघालेला घोडा प्रथम सुमारे दहा मीटरांचा चढ चढतो, मग उतारावर येतो, आणि तेथेच स्वाराची खरी परीक्षा असते. कारण उतार संपल्यावर समोर सरळ मार्ग दिसू लागतो, आणि त्याला अखेरची सरळ रेषा समजून ज्याने लगाम सैल सोडला, तो पुढल्या खऱ्या सरळ रेषेत, सुमारे अर्धा किलोमीटर बाकी असताना, रिता होतो. फ्रेंच लोक त्या फसव्या भागाला 'खोटी सरळ रेषा' म्हणतात. त्यात ऑक्टोबरच्या पावसाने भूमी जड झाली, तर केवळ वेगावर भिस्त ठेवणाऱ्याचा निभाव लागत नाही.

१९३९ आणि १९४० साली शर्यत झालीच नाही. जर्मन अंमलात ती पुन्हा सुरू झाली. पण एप्रिल १९४३ मध्ये मित्रराष्ट्रांची विमाने जवळच्या रेनोच्या कारखान्यावर चालून आली असता लाँशाँवरही बाँब पडले आणि प्रेक्षक दगावले. मग त्या वर्षी आणि पुढल्या वर्षी ती पॅरिसच्या पूर्वेस ल त्रांब्ले येथे, २३०० मीटरांवर, धावविण्यात आली. १९४९ साली तिला लॉटरीची जोड मिळाली, बक्षिसाची रक्कम अनेक पटींनी वाढली, आणि तोवर ग्राँ प्रीच्या छायेत असलेली ही शर्यत पुढे निघून गेली. कापडगिरण्यांचे धनी मार्सेल बुसाक यांनी तोवर ती सहा वेळा जिंकली होती. पुण्यास येरवड्याचा प्रासाद ज्यांनी बांधविला, त्या तिसऱ्या आगाखानांनी १९४८ साली 'मिगोली' आणि १९५२ साली 'नुचिओ' या घोड्यांच्या बळावर ती जिंकली. त्यांच्या नातवाने तर पुढे चार वेळा.

माझ्या मनात मात्र 'रिबो' हे नाव सर्वांआधी येते. इटलीच्या फेदेरिको तेसिओ यांनी त्याची पैदास केली, आणि तो मैदानात उतरण्यापूर्वीच, १९५४ साली, ते वारले. रिबोने १९५५ आणि १९५६, दोन्ही साली लाँशाँ जिंकले, दुसऱ्या खेपेस सहा लांबींच्या अंतराने. आणि सोळा शर्यतींत एकदाही पराभव न पाहता तो निवृत्त झाला. १९६५ च्या 'सी बर्ड'ला कोणी त्याहून थोर मानतात. त्या दिवशी प्रतिस्पर्ध्यांत सोव्हिएत रशियाचा 'अनिलिन' आणि अमेरिकेचा 'टॉम रोल्फ' होते, आणि ते अनुक्रमे पाचवे व सहावे आले. जगाचे राजकारण दोन गटांत विभागलेले असताना या दोन राष्ट्रांचे घोडे एकाच मैदानावर एकाच निकालाला मान तुकवीत होते, ही गोष्ट मला विजयाच्या अंतराहून अधिक मोलाची वाटते.

हेड घराण्याचा उल्लेख न करता पुढे जाणे अनुचित होईल. नुचिओचे प्रशिक्षक आलेक हेड. १९७९ साली त्यांची कन्या क्रिकेट हिने 'थ्री ट्रोइकास' ही घोडी तयार केली, पुत्र फ्रेडी तिच्यावर स्वार झाला, मालकी आईच्या नावे होती, आणि घोडी जिंकली. चौतीस वर्षांनी, २०१३ साली, त्याच क्रिकेटबाईंच्या पागेतील 'त्रेव्ह' जिंकली. पुढल्या हंगामात पराभवांमागून पराभव आले, जाणत्यांनी तिची आशा सोडली, परंतु प्रशिक्षिकेने सोडली नाही. आणि २०१४ च्या ऑक्टोबरात त्रेव्ह पुन्हा पहिली आली.

अलीकडे, मैदानाच्या पुनर्बांधणीमुळे, २०१६ आणि २०१७ ची शर्यत शांतिईला झाली, आणि बक्षीस पन्नास लाख युरोंवर पोहोचले. तिचा सर्वांत निष्ठावंत याचक मात्र जपान आहे. १९६९ साली 'स्पीड सिंबोली' तेथून पहिल्यांदा येथे धावायला आला. १९९९ साली 'एल कोंदोर पासा' दुसरा. २००६ साली ज्याच्यासाठी हजारो जपानी प्रेक्षक समुद्र ओलांडून आले तो 'डीप इम्पॅक्ट' तिसरा, आणि नंतर निषिद्ध औषधापायी बाद. २०१२ साली 'ऑर्फेव्हर' सरळ रेषेत सर्वांना मागे टाकून स्वच्छ पुढे निघाला होता, निकाल लागल्यासारखाच होता. परंतु अखेरच्या क्षणी तो आतल्या कठड्याकडे कलत गेला आणि 'सोलेमिया'ने त्याला मानेच्या फरकाने गाठले. पुढल्या वर्षी तो परत आला आणि त्रेव्हच्या मागे पुन्हा दुसराच ठरला. तरीही जपानचे मालक आपले उत्तमोत्तम घोडे लाँशाँला धाडीतच राहिले.