नेपाळी कामगाराला पीएफ लागू आहे काय?

लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांवरील गुरखा आणि हॉटेलच्या भटारखान्यात चायनीजची कढई हलवणारा नेपाळी कारागीर मावळात कोणाला परका वाटत नाही. मात्र पगारपत्रक लिहिण्याची वेळ आली की काही मालकांना तो एकदम परदेशी वाटू लागतो. "तो नेपाळचा, त्याला कसला पीएफ?" हा सवाल व्यापारी बांधवांकडून आम्ही अनेकदा ऐकतो.

नियम याच्या उलट आहे. 1 ऑक्टोबर 2008 पासून परदेशी कर्मचाऱ्यांसाठी भविष्य निर्वाह निधीच्या वेगळ्या तरतुदी आल्या. तळेगावच्या एखाद्या कारखान्यात बाहेर देशाहून आलेला अभियंता त्यात मोडतो. त्याच्या देशाशी करार नसेल तर त्याची कपात पूर्ण पगारावर होते. भारतीयांसाठी 2014 साली ठरलेली 15,000 रुपयांची मर्यादा त्याला नाही. नेपाळी माणूस मात्र या वर्गात येतच नाही. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे पीएफच्या कामी तो भारतीय कामगारच धरला जातो.

म्हणजे हॉटेलात 20 माणसे असतील तर हजेरीपटावरील नेपाळीही त्या विसांत मोजायचे. कर्मचारी राज्य विम्याचेही तेच. जेथे ही योजना लागू आहे तेथे 10 कामगारांपासून ती सुरू होते व 21,000 रुपयांपर्यंतचे वेतन पाहते, राष्ट्रीयत्व नाही. 2019 साली ठरलेल्या दराने मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. त्याबदल्यात औषधोपचार, आणि अटी पूर्ण असल्यास आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन. पीएफच्या सभासदाचा नोकरीत मृत्यू झाला तर वारसांना 7 लाखांपर्यंत विमा मिळू शकतो. तेलाच्या कढईपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या घरच्यांसाठी ही रक्कम लहान नव्हे.

मग रेशनकार्डही द्यावे काय? नाही, ते नागरिकांसाठी आहे. तो साबणावर, मोबाईलच्या रिचार्जवर जीएसटी भरतो हे खरे. पण कर म्हणजे सेवेची किंमत नव्हे. तसे मानले तर कमी कर भरणाऱ्या आपल्याच गरिबाला कमी सेवा द्यावी लागेल. उलट, जीव वाचवण्याच्या प्रश्नात राज्यघटनेचे 21 वे कलम 'नागरिक' न म्हणता 'व्यक्ती' म्हणते. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली एका बांगलादेशी महिलेच्या प्रकरणात हे कलम परदेशी व्यक्तीलाही लागू असल्याचे स्पष्ट केले.

पीएफ व विमा यांची गोष्ट मात्र करापेक्षा निराळी. तेथे पैसा नावावर जमा होतो, तेव्हा लाभही त्याच नावावर गेला पाहिजे, असे आमचे मत आहे. अमेरिकेत गेलेले पुण्याचे अभियंते तेथील सोशल सिक्युरिटीत दरमहा पैसे भरतात. साधारण 10 वर्षांची नोकरी भरली नाही तर निवृत्तिवेतनाचा हक्क लागत नाही आणि भरलेले परतही मिळत नाही. याविषयी आपण तक्रार करतो. आपल्या भटारखान्यातील माणसाची तक्रार ऐकायला मात्र कोणी नसते.

कागदपत्रांची अडचण सांगितली जाते, ती सुटण्याजोगी आहे. येथे 182 दिवस राहिलेल्या नेपाळी नागरिकाला आधार काढता येते. त्यासाठी नेपाळी पासपोर्ट चालतो. नोंदणीपूर्वी सर्व कागदांवर नाव व जन्मतारीख एकच आहे ना, हे पाहून घ्यावे. दावे बहुधा तेथेच अडकतात.