निरोपाची वाट कोणती?

जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागायतदारास बाजारभाव आज बहुधा व्हॉट्सॲपवर कळतो. व्यापारी, सोयरे, शेजारी तेथें असतात म्हणून तोही तेथेंच असतो. परंतु सर्वांच्या पायाखालची वाट सर्वांत सुरक्षित असतेच असें नाहीं.

कुलपापुरतें पाहिल्यास २०१६ पासून व्हॉट्सॲपवर सिग्नलचीच संकेतपद्धति आहे. किल्ली धाडणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या फोनांत राहते. कंपनीस मजकूर वाचतां येत नाहीं. भेद दोन ठिकाणीं आहे. सिग्नल मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याची घडण कोणाही जाणत्यास तपासतां येते. व्हॉट्सॲपची घडण झांकलेली आहे. दुसरा भेद पाकिटावरील पत्त्याचा. कोणी, कोणास, केव्हां निरोप धाडला हें व्हॉट्सॲपला कळूं शकतें. सिग्नल क्रमांकाखेरीज केवळ खातें उघडल्याची व शेवटच्या जोडणीची वेळ जपतें.

मात्र मराठा आरक्षणाच्या आंदोलनांत २६ फेब्रुवारी २०२४ रोजीं जिल्ह्यांत इंटरनेट बंद झालें, तेव्हां या दोहोंचाही उपयोग नव्हता. जवळच्या जवळ ब्लूटूथवर चालणारें मुक्तस्रोत ब्रायर अशा वेळचेंच साधन. पण २०२३ सालीं केंद्र सरकारनें त्यास प्रतिबंध केला.

तेव्हां एकाच वाटेवर विसंबूं नये. भाव व लग्नाचें आमंत्रण व्हॉट्सॲपवर जावें. पैशाची, दुखण्याची गोष्ट सिग्नलवर, अर्थात् पलीकडच्यानेंही तें घेतलें असेल तर. आणि आप्तांचे क्रमांक कागदावर उतरून ठेवावे. केवळ इंटरनेट थांबलें असतां साधा फोन चालूच राहतो.