पांगुळगाड्याच्या आधी

ऑफिसमध्ये मान अवघडली की आपण काय करतो? लंच टाइममध्येच फिजिओची अपॉइंटमेंट! पण फिजिओथेरपी तान्ह्या लेकरांनाही लागते, हे मला कळलं ते आमच्या गावी, माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला.

दसऱ्याला गेलो होतो. शेजारच्या वहिनींचं बाळ चौदा महिन्यांचं, पण आधाराशिवाय बसत नव्हतं. पाय ताठ, मुठी वळलेल्या. आजीने मात्र नवाकोरा पांगुळगाडा आणून ठेवलेला. ‘‘ह्याचा बापबी उशिराच चालला व्हता!’’

इथेच गफलत होते. बाळ साधारण चौथ्या महिन्यापर्यंत मान धरतं, नवव्यापर्यंत बसतं, दीड वर्षापर्यंत चालतं. थोडं मागेपुढे ठीक. पण फारच मागे पडलं तर वाट बघत बसू नये. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो, तेव्हा शिकवलेलं जास्त मुरतं. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात यासाठीच अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, पुढचे उपचार मोफत असतात.

आम्ही बाळाला घेऊन बीड गाठलं. डॉक्टरांनी निदान केलं, सेरेब्रल पाल्सी. म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडलेला.

‘‘दर आठवड्याला आणा,’’ फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या. वहिनी गप्प. मुकादमाकडून उचल घेतलेली. दिवाळीनंतर सहा महिने ऊसतोडीला जायचं. फडात कुठली आली थेरपी?

मग त्या बाईंनी विचारलं, ‘‘बाळाला उचलता कसं?’’ आणि तिथून खरी ट्रीटमेंट सुरू झाली. कडेवर घेताना पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना. गोधडीची गुंडाळी छातीखाली देऊन पालथं झोपवायचं, समोर खुळखुळा. मांडीत बसवून दोन्ही हातांनी खेळवायचं. जोरात रगडून मालिश म्हणजे व्यायाम नव्हे. एकही मशीन नाही! ‘‘चालेलच असं वचन देत नाही,’’ त्या स्पष्ट म्हणाल्या, ‘‘पण रोज केलं तर बसणं सोपं होईल.’’

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी ‘चालेल हो उशिरा’ असं कुणी म्हणालं, तर एकदा दाखवून घ्या म्हणावं.

दिवाळीनंतर वहिनींचा ट्रक निघाला. पांगुळगाडा माळ्यावर राहिला. गोधडीची गुंडाळी मात्र त्यांनी आठवणीने सोबत घेतली.