सोवळे आधी सुटले

पौलाच्या गलतीकरांस पत्रात अंत्युखियातील एका पंगतीची हकिकत येते. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर पेत्र जेवत असे. याकोबाकडची माणसे आली, तसा तो मागे सरला. पौलाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला. माणूस नियमशास्त्राने नव्हे, तर कृपेने व विश्वासाने नीतिमान ठरतो, या प्रतिपादनाला ही पंगतच निमित्त झाली.

मराठी वाचकाला हा पेच परका नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळे मात्र सुटले नाही. पुढे, जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि कोणाच्याही हातचे खाण्याचे ठरवले. 'स्मृतिचित्रे'त हे आले आहे. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. हा क्रम महत्त्वाचा: पालट आधी आतून झाला, विधी मागाहून आला.

टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' स्थापला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. पौलापुढे प्रश्न सुंतेचा होता, टिळकांपुढे बाप्तिस्म्याचा. मूळ मुद्दा एकच: देवाने ज्याला जवळ केले, त्याला पंगतीत घेताना माणसांनी अट घालावी कशी?