एनएफएसमधील निरुपयोगी त्रुटी-तपासण्या का काढल्या?

मेमरी मागितली की 'नल' तर मिळाले नाही ना, हे तपासायचे, असे आपण पहिल्या वर्षी शिकतो. मग लिनक्स कर्नलमधील एनएफएस या वितरित फाइल सिस्टीमच्या कोडमधून २०१७ मध्ये अशाच तपासण्या का काढल्या गेल्या?

मेमपूल म्हणजे आधीच राखून ठेवलेल्या मेमरीचा छोटा साठा. मेमपूल-अलॉक हे फंक्शन प्रथम नेहमीच्या मार्गाने मेमरी मागते. ती न मिळाल्यास राखीव साठ्यातून घेते. तोही संपला असेल, तर कोणी मेमरी परत करेपर्यंत थांबते. थांबण्याची मुभा असलेला फ्लॅग (उदा. जीएफपी-नोआयओ) दिला, तर ते नल कधीच देत नाही. म्हणजे पुढची 'इफ' शाखा कधी चालत नाही, आणि तिची चाचणीही होत नाही.

ती तशीच ठेवली तर काय बिघडते? वाचणाऱ्याला वाटते, धोका हाताळला आहे. खरा धोका वेगळाच आहे. पहिला घटक न सोडता थ्रेडने त्याच पूलमधून दुसरा मागितला, आणि इतर थ्रेडही तसेच करत असतील, तर सारेच एकमेकांची वाट पाहत अडकतात. हा डेडलॉक नल-तपासणीने टळत नाही. शिवाय एनएफएसमध्ये काढलेला असा कोड दुसऱ्या एका बदलातून परत आला आणि पुन्हा काढावा लागला.

म्हणून तपासणी काढण्यापूर्वी पाहा: फंक्शनची हमी कोणत्या अटीवर आहे, आणि प्रत्येक कॉल ती अट पाळतो का? जीएफपी-नोवेट दिल्यास थांबण्याची मुभा नसते, नल येऊ शकते. तिथे तपासणी हवीच.