हुकुमाचे ताबेदार

दिवाळी सरता सरता यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या रानांत पऱ्हाटी पांढरी होते, आणि ओटी बांधून वेचणीला उतरलेल्या बाईच्या बोटात वाळल्या बोंडाचे टोक केव्हातरी शिरतेच. रात्री ते बोट ठणकते, दोन दिवसांनी त्यावर पू धरतो, आणि हा पू म्हणजे बव्हंशी कामी आलेल्या पांढऱ्या पेशींचा खच होय, असे तिला सांगितले तर ती आपल्याकडे संशयाने पाहील.

रक्ताच्या एका घनमिलिमीटरात ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. पण त्यांना ना डोळे ना कान, मग बोटाची वर्दी त्यांना पोचते कशी? त्वचेत कायम तैनात असलेल्या भक्षकपेशी जंतूचा स्पर्श होताच सायटोकाइन नावाची इवली प्रथिने सोडतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ ही दोन केशवाहिनीचे अस्तर चिकट करतात, त्यामुळे प्रवाहात वाहत चाललेली पेशी भिंतीवर गडगडत मंदावते, थबकते, आणि जखमेकडे दाट होत जाणाऱ्या इंटरल्यूकिन-८ च्या मागाने, अंग चेपून, दोन पेशींच्या फटीतून बाहेर पडते. हुकूम मात्र ज्याच्या नावचा त्यालाच लागू: ज्या पेशीच्या पृष्ठभागावर त्या सायटोकाइनचा ग्राहक नाही, तिच्या लेखी तो हुकूम निघालेलाच नसतो.

हुकुमाचा मजकूर बदलला तर काय होते, याचा दाखला पाहायला फार लांब जावे लागत नाही. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा लागते. तेथील आनंदवन ज्या महारोगी सेवा समितीचे, ती बाबा आमट्यांनी १९४९ साली स्थापिली. कुष्ठाचा जंतू हान्सेनने १८७३ साली दाखविला तो एकच. तरीही एकाच्या अंगावर दोनचार बधिर चट्टे उठून रोग तेथेच थोपतो, तर दुसऱ्याचा चेहरा व कानाच्या पाळ्या गाठींनी भरून जातात. १९९१ साली संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या चट्ट्यांतील सायटोकाइने तपासली, तेव्हा पहिल्यात इंटरल्यूकिन-२ व गॅमा इंटरफेरॉन यांचा अंमल दिसला, दुसऱ्यात इंटरल्यूकिन-४ व १० यांचा. गॅमा इंटरफेरॉन भक्षकपेशीच्या ग्राहकावर बसले, की आतील जॅक नावाची विकरे जागी होतात, ती स्टॅट प्रथिनांवर फॉस्फेटची मोहोर उठवतात, आणि ती प्रथिने केंद्रकात शिरून जंतुनाशाची जनुके उघडतात. हा हुकूम न आल्यास तीच पेशी गिळलेल्या जंतूला पोटात सांभाळते. कोतवालानेच दरोडेखोराला माजघरात थारा द्यावा, तसा हा प्रकार!

अतिउत्साही हुकूमही घातकच. औषधोपचार चालू असताना कधी कधी हीच प्रतिकारशक्ती एकाएकी उसळते, आणि जंतू ज्या मज्जातंतूंत दडलेले असतात ते सुजून हात लुळा पडतो वा पाऊल लोंबते. जंतूने वर्षानुवर्षे केले नसते इतके नुकसान बंदोबस्तच काही दिवसांत करून जातो. अशा वेळी देतात त्या प्रेडनिसोलोनचे मुख्य काम या सायटोकाइनांची जनुके गप्प करणे हेच.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे, की अंगावर न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा फिकट वा लालसर चट्टा दिसल्यास तो प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा, औषध तेथे मोफत मिळते. आणि ते घेत असताना कोपराची शीर दुखू लागली किंवा बोटांतले बळ गेले, तर गोळ्या बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.